बाबांनी बुक केलेली टूर

शैलेंद्र काळमेघ हा मुळातच दमलेला माणूस. आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्यातल्या अर्ध्या रात्रीच्या. मग तीन-चार दिवस सुट्टी, आणि त्या सुट्टीत झोप सोडून बाकी सगळं: गवत कापा, मुलीला, रेवाला, कॅमोगीच्या म्हणजे तिथल्या हॉकीसारख्या खेळाच्या सरावाला सोडा, बँकेत जा. सोफ्यावर नुसता टेकला तरी घोरायला लागतो. घरात कोणी त्याला उठवत नाही, पाय उचलून वर ठेवतात आणि दिवा बंद करतात. अशा माणसाला शनिवारच्या भर दुपारी डब्लिनच्या जुन्या गल्ल्यांतून बिअर चाखत हिंडवायचं, ही कल्पना कोणाची असावी? त्याच्या बापाची. आता बोला!

बाप म्हणजे मोरेश्वरराव. वय शहात्तर, उभी हयात अकोल्याच्या एसटी डेपोत गेलेली. पहाटे ड्रायव्हर ड्युटीवर आला की त्याच्या तोंडाजवळ नाक न्यायचं, वास घ्यायचा आणि मगच त्याच्या ताब्यात गाडी द्यायची, हे त्यांचं काम. कितीतरी जणांना त्यांनी तसंच घरी पाठवलं असेल. स्वतः मात्र आयुष्यात थेंब घेतला नाही. लग्नकार्यात कोणी आग्रह केला तर असे बघायचे की तो माणूस पुन्हा पंगतीत त्यांच्या शेजारी बसत नसे.

आपल्याकडे दारूचं एक अजब असतं. मुलगा घेतो हे बापाला ठाऊक असतं, बापाला ठाऊक आहे हे मुलाला ठाऊक असतं, आणि दोघांच्या मध्ये मात्र ती वस्तू या जगातच नसते. मुलाला टक्कल पडलं तरी बाप आल्यावर त्याचा ग्लास सोफ्याखाली जातो. बापही भला, आत येण्याआधी दोनदा खोकतो. याला आपण मान राखणं म्हणतो. शैलेंद्रने हा मान पंचवीस वर्षं राखला. इतका राखला की तो बुडायला लागला तेव्हाही बापाला हाक मारता आली नाही.

तो खरोखरच बुडायला आला होता. आधी पाळीनंतर झोप लागावी म्हणून, मग उठायला बळ यावं म्हणून, मग काहीच कारण नको म्हणून. घरामागच्या शेडमध्ये, गवत कापायच्या मशीनमागे बाटल्या. पबमध्ये नाही, मित्रांत नाही. एकटा. शेजारच्या ब्रेंडनला वाटायचं, हा माणूस बागकामाचा फार शौकीन दिसतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका पहाटे तो प्यायलेलाच कामाला जायला निघाला आणि नेत्राने त्याच्या हातातून गाडीची किल्ली हिसकावून घेतली. नेत्रा म्हणजे त्याची बायको. ती त्या दिवशी ओरडली नाही, रडली नाही. "एकतर तू याचं काहीतरी करशील, नाहीतर मी रेवाला घेऊन जाईन," एवढंच म्हणाली. तेव्हापासून दर गुरुवारी तो चर्चच्या हॉलमधल्या, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो. फोल्डिंगच्या खुर्च्या, पातळ चहा, आणि आपल्यासारखीच दमलेली माणसं. त्या फेब्रुवारीनंतर त्याने घेतलेली नाही. तिथले लोक दिवस मोजतात. हा मोजत नाही, मोजायला लागलं की त्याला धास्ती वाटते.

यंदा मे महिन्यात बाबा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"सांग ना त्यांना," नेत्रा म्हणाली.

"काय सांगू? सोडली म्हणून सांगायचं, तर पीत होतो हे आधी सांगावं लागेल."

"मग सांग की."

"सांगतो. बघू."

ते 'बघू' ऑगस्टपर्यंत चाललं. बाबांचं परतीचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं. आणि ब्रेंडनकडे रोज चहाला जाणाऱ्या बाबांनी त्याच्याच मदतीने या टूरची दोन तिकिटं काढली. ब्रेंडनचं तरी काय चुकलं? त्याला वाटलं, म्हाताऱ्याला जरा मजा. "इट'ल बी गुड क्रॅक, मोरेश्वर," म्हणाला, म्हणजे धमाल येईल.

शनिवारी सकाळी बाबांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि सहीशिक्क्याचा कागद वाचून दाखवावा तसं सांगितलं, "शैलू, तू आता सत्तेचाळीस वर्षांचा हायेस. मी कितीक दिवस आंधळ्याचं सोंग घेऊ? तू घेतोस, मले मालूम हाय. तुह्या लग्नाच्या वर्षापासून मालूम हाय. हे नाक डेपोतलं हाय, लेका. मी आता जाऊन राहिलो. पुन्हा येनं होते का नाही, कोन जाने. एक डाव बापासंग बस. दोस्तावानी."

नेत्राच्या हातातला चमचा ओट्यावर पडला. शैलेंद्र बापाकडे बघत राहिला. या माणसाने हे वाक्य म्हणायला किती दिवस घोकलं असेल! शहात्तर वर्षांचं सोवळं एका मुलासाठी सोडायला निघालाय. त्याला 'नाही' कसं म्हणायचं?

"हो बाबा," तो म्हणाला. "जाऊ."

इथेच चुकलं, दुसरीकडे कुठे नाही. 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण आपल्यातला शहाण्यातला शहाणा माणूस बापासमोर आठ वर्षांचा होतो, त्याला कोण काय करणार.

नेत्राने त्याला बाहेर गाठलं. "मी सांगते. आत्ताच्या आत्ता."

"नको, मला सांगू दे. ट्रेनमध्ये सांगतो."

ट्रेनमध्ये बाबा ब्लेझर घालून, बुटांना पॉलिश करून, खिडकीतून कालव्यावरच्या बदकांकडे बघत होते. चेहरा असा फुललेला की शैलेंद्रची जीभच उचलेना. स्टेशन आलं.

टूरची गाईड ओर्ला नावाची, तिशीतली, खणखणीत आवाजाची मुलगी. सोबत दोन जर्मन जोडपी आणि कॅनडाचे तिघे. दगडी गल्ल्यांतून नेत नेत ती सांगत होती, जुन्या काळी इथे कोण बिअर करायचं, कुठल्या विहिरीचं पाणी, कुठल्या दारातून पिंपं बाहेर निघायची. बाबा "अच्छा, अच्छा" म्हणत सगळं ऐकत होते. इंग्रजी निम्मं कळत होतं, पण मान पूर्ण हलत होती.

पहिल्या पबात छोट्या ग्लासांतून एल नावाची लालसर बिअर आली. ओर्ला म्हणाली, आधी वास घ्या. सगळ्यांनी नाकं खुपसली. बाबांनीही खुपसली, त्यांना तर सवयच. शैलेंद्रने ग्लास हनुवटीपर्यंत नेला आणि श्वास रोखून धरला. एवढासा ग्लास, पण अंगातलं सगळं बळ तो खाली ठेवण्यात गेलं. बाबा भिंतीवरचे जुने फोटो बघायला वळले, तसा याने तो शेजारच्या टेबलावरच्या उष्ट्या ग्लासांत सरकवला आणि तिथला एक रिकामा ग्लास आपल्यासमोर ओढला.

बाबा वळले. "संपवली?"

"हो."

बाबांनी रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. मग डोळे गच्च मिटून, लहानपणी एरंडेल घेतलं असेल तसा आपला ग्लास एका दमात रिकामा केला. तोंड वाकडं झालं, ते त्यांनी रुमालाने झाकलं. "मस्त हाय," म्हणाले.

दुसऱ्या पबात फिकट, कडवट बिअर. एक नाही, दोन प्रकार. बाबा ओर्लाचं ऐकण्यात गुंतलेले बघून शैलेंद्र दोन्ही ग्लास घेऊन टॉयलेटमध्ये सटकला आणि बेसिनमध्ये ओतले. ओतताना फेस बोटांवर आला. तो कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिला. आरशात दिसणाऱ्या माणसाचा त्याला राग आला, कीवही आली. एवढी वर्षं प्यायचं लपवलं, आता न प्यायचं लपवतोय. लपवणं काही सुटत नाही मेलं! तिथेच फरशीवर बसून राहावंसं वाटलं. पण बाहेर बाबा वाट बघत होते.

बाहेर बाबांचे दोन्ही ग्लास संपले होते. मुलापेक्षा मागे राहायचं नाही, असं म्हाताऱ्याने ठरवलेलं. गाल लाल, कपाळावर घाम. "तुही गती भारी हाय," ते म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठले.

"बाबा, आपण घरी जाऊ या का? तुम्हाला झेपणार नाही."

"मले काय धाड भरली? चाल."

तिसरा पब त्या भागातला जुना, बसक्या छताचा. इथे टूर संपणार होती. शैलेंद्र कोपऱ्यात जागा धरेपर्यंत बाबा सरळ काउंटरवर गेले आणि बोटाने दाखवून पाइंटचा मोठा ग्लास मागितला. तो काळा स्टाउट, म्हणजे गडद जाड बिअर, एकदम भरत नाहीत. अर्ध्याच्या वर भरून काउंटरवर ठेवतात, फेस वर चढून खालचं काळं स्थिर झालं की मग उरलेला भरतात. तोपर्यंत थांबायचं. शैलेंद्र बापाशेजारी येऊन उभा राहिला.

"हा तुह्यासाठी," बाबा म्हणाले. "मी पाजून राहिलो. माह्या हातून." त्यांचे डोळे भरून आले होते. "तुही आई असताना हे जमलं नसतं. पन मले लय वाटे रे. फोनवर तुहा आवाज ऐकला का वाटे, पोरगं तिकडं एकटं बसून पेऊन राहिलं. म्हटलं, एक डाव आपुन बाजूले बसू."

ग्लासातलं तांबूस धुकं खाली खाली उतरत होतं. काउंटरमागचा पोरगा ते भरून पुढे सरकवायला आला की मग काही उरणार नव्हतं. बापाच्या हातून आलेला ग्लास. तो खाली ठेवायचं बळ शैलेंद्रमध्ये नव्हतं, हे त्याला स्वतःला लख्ख कळलं. घोट घेतला की बाबा खूश होऊन शुक्रवारी जातील, आणि शनिवारपासून पुन्हा शेड.

"बाबा, मी पीत नाही."

"आता कायले लाजतोस?"

"लाजत नाही. मी सोडलीय, गेल्या वर्षी. सोडावी लागली. फार झालं होतं, बाबा. रेवाला घेऊन नेत्रा निघून जाणार होती. मी एक ग्लास घेतला ना, तर मला थांबता येत नाही. एकसुद्धा घेतला तरी."

मागे जर्मन लोक कशावर तरी हसत होते.

"मंग मघाच्या?"

"फेकून दिल्या."

"आन मी तू पेला म्हनून पेलो."

"माहितीये."

"सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगणार होतो, बाबा? आपल्यात कधी हा विषय तरी निघाला का?"

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. ओर्ला कधी जवळ आली कोण जाणे. तिने बापाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, काउंटरमागच्या पोराला मानेने खूण केली. पाइंट तिथून उचलला गेला आणि पाण्याचे दोन ग्लास आले.

"मी तुले इथं घेऊन आलो," बाबा शेवटी म्हणाले. "सोता होऊन."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"बापाले मालूम पाहिजे." आणि ते बाहेर निघाले, तर उंबऱ्यावरच पाय लटपटला. शैलेंद्रने काखेत हात घालून धरलं. ट्रॅममधून स्टेशनपर्यंत त्याने त्यांना कसंबसं आणलं. लोक बघत होते. बघेनात का! प्लॅटफॉर्मच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्याशी, मोरेश्वरराव काळमेघ वाकले आणि भडभडून ओकले. शैलेंद्र एका हाताने त्यांचं कपाळ धरून आणि दुसऱ्याने पाठ चोळत उभा राहिला. नंतर रुमालाने त्यांचं तोंड पुसलं, बाटलीतलं पाणी चुळा भरायला दिलं, बाकावर बसवलं. अजून चांगलं ऊन होतं. लिक्सलिपची गाडी यायला वेळ होता.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

"डोकं गरगरून राहिलं. हे अंग आपलं वाटतच नाही."

"होतं तसं. सकाळपर्यंत उतरेल."

"तुले रोज असं होये?"

"जवळजवळ रोज."

"आन मंग ड्युटी?"

"ती पण करायचो."

"कपाळ कोन धरे?"

"कोणी नाही. शेडमध्ये एकटाच असायचो."

बाबांनी डोळे उघडले. समोरच्या रुळांकडे बघत राहिले, मग हळूहळू मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"किती दमला असशीन रे," ते म्हणाले.

शैलेंद्रने मान हलवली. गाडी आली, दारं उघडली, माणसं चढली-उतरली, आणि ते दोघं तसेच बाकावर बसून राहिले.