दुसरी फ्लॉपी

आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले. फौज गेली, तलवारी गेल्या, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची खोड काही जाईना. ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार, असा आमच्या घरचा हिशोब. माझं पोट सरकारी दफ्तरातल्या कॉम्प्युटरवर चालायचं. म्हणून त्या नवमीला मी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारच्या कोऱ्या फ्लॉप्यांनाही एकेक बोट लावलं. त्यात कुणाच्या बापाचं काय जात होतं?

ते राज्य तुटायचे दिवस होते. छत्तीसगड वेगळं निघत होतं आणि कोण इथं राहणार, कोण रायपूरला जाणार, या धास्तीनं दफ्तरात कुणाला अन्न गोड लागत नव्हतं. माझा दादा त्याच खात्यात. मी बिनलग्नाची, किला गेटजवळ त्याच्याच घरी राहायची. वहिनीला कॅन्सर झालेला, इस्पितळात किरणांचे शेक सुरू होते. घरात असं दुखणं असेल त्याला इथंच ठेवणार होते. त्या लोकांची माहिती फ्लॉपीवर उतरवून भोपाळला पाठवायचं काम माझ्याकडे आलं. त्या पुजलेल्यांतल्याच दोन फ्लॉप्या भरल्या. दादाचं नाव दुसरीत. आमच्या मशीनवर उघडून पाहिल्या, दोन्ही ठीक होत्या.

भोपाळात दुसरी उघडलीच नाही. त्याच माहितीचे कागद मागाहून पोचले, तोवर आदेश निघाले होते आणि दादाच्या नशिबी रायपूर आलं होतं. फ्लॉपी परत आली तेव्हा साहेबांनी ती सगळ्यांसमोर उंच धरली. "ये सिंदूर किसने लगाया? दफ्तर है कि मंदिर?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

दादा घरी आला आणि वहिनीच्या खाटेशी उभा राहून ओरडला, "पूजा करायला हिला दफ्तरच सापडलं! सत्यानाश केलास माझ्या घराचा."

तो रायपूरला गेला. वहिनीला रिक्षातून शेकाला न्यायचं, तिच्या उलट्या काढायच्या, सगळं मीच करायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी पेज घेऊन गेले की तोंड भिंतीकडे फिरवायची. "राहू द्या वन्सं. तुमच्या हातानं झालं तेवढं पुष्कळ झालं." दादाचा फोन यायचा, तिच्याशी बोलायचा आणि ठेवून द्यायचा. थंडी सरता सरता ती गेली. दादा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

तेराव्यानंतर मी कामावर रुजू झाले. टेबलखुर्च्यांची मोजदाद पाठवायची होती. त्यातलीही दुसरी फ्लॉपी बिघडली. नवी कोरी, कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही! तेव्हा कुठे भोपाळहून मेकॅनिक आला. "मैडम, कॉपी वाले प्रोग्राम में ही खोट है," म्हणाला. एक फ्लॉपी काढून दुसरी घातली हे त्या मेल्या प्रोग्रामला कळायचंच नाही. पहिलीची अनुक्रमणिका तो दुसरीवर उतरवून टाकायचा, आणि आपण तपासायला गेलो की स्वतःच्या आठवणीतलं चांगलं चांगलं दाखवायचा.

मी अर्धी रजा टाकून घरी धावले. दादा अजून इथंच होता, वहिनीची उरलेली औषधं दुकानात परत करायला पिशवीत भरत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. सांगताना मला रडू फुटलं, आनंदाचं की कशाचं, देव जाणे.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "कुंकू पहिलीलाही होतंच की. ती तर चालली."

"मग ओरडलास कशाला?"

"साहेबावर ओरडायची छाती नव्हती माझी."

"आणि वहिनीला? फोनवर एकदा तरी सांगायचंस ना रे!"

दादा पिशवीत बाटल्या भरत राहिला.