अक्काच्या हातचा घास

बाळांनो, आजोबांचं हृदय बिघडलं होतं तेव्हा ते कशानं सावरलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तुमच्या वडिलांना वाटतं, माझ्या शिस्तीमुळे. इतकी वर्षं मी तसं वाटू दिलं. तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणजे हे त्यांनाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. वाचू देत.

तंजावुरात तेव्हा नुकताच केबल टीव्ही आला होता आणि हृदयाला चांगल्या तेलाच्या जाहिराती दिवसभर लागत. आजोबांच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, “भात कमी, मीठ-तेल कमी, भाज्या आणि फळं भरपूर. रोज.” मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी येताच तक्ता केला आणि स्वयंपाकघरात डकवला. सोमवारी कोबी, मंगळवारी बीट, अकरा वाजता एक फळ. भाज्या मी स्वच्छ उकडायची, पाणी ओतून टाकायची आणि खणांच्या स्टीलच्या ताटात वेगवेगळ्या वाढायची.

आजोबा ताटाकडे बघत बसायचे. सफरचंद दिलं तर म्हणायचे, “हे आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात. मी अजून इथंच आहे ना?”

तरी ताट रिकामं व्हायचं. मला वाटलं, जिंकले. मग एकदा मागच्या दारी गेले तर शेजारची गाय माझं बीट खात होती.

अकरा वाजता ते जायचे अक्काकडे. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, आजोबांची वैनी. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत दोन्ही घरांत एकच भिंत. ती लग्न होऊन आली तेव्हा आजोबा सात वर्षांचे होते, आई नसलेले. तिनंच त्यांना वाढवलं. शाळेत ती कधी गेली नाही.

एके दिवशी मी मागोमाग गेले. अक्का जमिनीवर बसली होती, पुढ्यात मोठं पातेलं. थोडासा भात आणि त्यात मूठ मूठ पालेभाजी, कोहळा, घेवडा, वरण, सगळं एकत्र कालवलेलं. भोवती तिची नातवंडं तळहात पुढे करून बसलेली. ती एकेकाच्या हातावर गोळा ठेवायची, पोर अंगठ्यानं त्यात खळगा करायचं आणि ती खळग्यात आंबट कढण घालायची. आपल्याकडे मुलांना असंच भरवतात. त्या रांगेत शेवटी तुमचे आजोबा. साठीला आलेले, निवृत्त होईपर्यंत कचेरीत वीस माणसं हाताखाली असलेले. हात पुढे.

“वैनी, मला लहान गोळा का?”

“मघा दोन जास्त घेतलेस. गप बैस.”

मी दारातूनच परतले. मी पस्तीस वर्षं त्यांचं ताट वाढत होते. माझ्याकडे त्यांनी कधी हात पुढे केला नव्हता.

पुढच्या तपासणीला ते शेजारच्या खोलीत हृदयाचा आलेख काढून घेत होते, तेव्हा मी डॉक्टरांकडे अक्काच्या त्या कालवलेल्या गोळ्यांची तक्रार केली. डॉक्टर हसले. “इतक्या भाज्या खातात? मग खाऊ द्या. तुमच्या जाऊबाईंना सांगा, खोबरं आणि मीठ कमी करा.” कागदावर इंग्रजीत तसं लिहूनही दिलं. तो कागद मी माझ्या फायलीत लावला.

संध्याकाळी अक्काकडे जाऊन सांगितलं, “डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलंय. इथं लिहिलंय बघा.” आजोबांनाही तेच सांगितलं. ते कधी फाईल उघडत नसत.

अक्कानं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. “माझं खाणं बाहेरचं?” एवढंच म्हणाली.

दीड महिना ते पलीकडे गेले नाहीत. माझं ताट मात्र तसंच राहिलं. मी समोर बसायला लागले, तेव्हा दोन घास चिवडून उठायचे आणि दुपारी गुपचूप दुकानातला चिवडा खायचे. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “मागच्यापेक्षा वाईट आहे. भाज्या सोडल्या का?” आजोबा म्हणाले, “तुम्हीच तर बंद केल्यात.” डॉक्टरांना वाटलं, ते थट्टा करताहेत. त्या क्षणी मला त्यांच्या मरणाची भीती वाटली, आणि त्याहून लाज.

घरी आल्याबरोबर मी तोच कागद घेऊन अक्काकडे गेले. “अक्का, मी खोटं वाचलं होतं.”

ती शेंगा निवडत होती. मान वर केली नाही. “ठाऊक होतं. खरं वाचताना तू चष्मा लावतेस.” मग म्हणाली, “आता वाच.”

मी चष्मा लावून वाचलं. खोबरं कमी, मीठ कमी, भाज्या भरपूर.

“भरपूर म्हणजे दुप्पट चिरायला पाहिजे,” ती म्हणाली. “माझी बोटं दुखतात. सकाळी ये. तू चीर, मी कालवते.”

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे, आजोबा उठायच्या आत, तिच्याकडे जाऊन चिरू लागले. रोज टोपलीभर, बारीक, कारण जाड फोड गोळ्यात राहत नाही. अकरा वाजता आजोबा पुन्हा रांगेत बसायचे; डॉक्टरांची बंदी उठली, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. चार महिन्यांनी डॉक्टर खूष झाले.

परतताना रिक्षात आजोबा म्हणाले, “वैनी किती बारीक चिरते बघ. तुला नाही जमायचं ते.”

भाजीनं काळवंडलेली बोटं मी पदराखाली घेतली. अक्कानंही त्यांना कधी सांगितलं नाही.