सुलभावहिनींचा पायगुण

आमच्या सुलभावहिनी कुठल्याही घरात सगळ्यांत आधी पाऊल टाकत नाहीत. वास्तुशांत असो, साखरपुडा असो, नानाखेड्याकडच्या नव्या कॉलनीत कुणाचा फ्लॅट बघायला जायचं असो, त्या दाराशी चपलांपाशी घुटमळतात. पदर सारखा करतात, पर्समध्ये उगीच काहीतरी शोधतात आणि सगळे आत गेले की मग हळूच शिरतात. लोक म्हणतात, काय बाई नम्र आहे! मी त्यांची धाकटी जाऊ. नम्रपणा आणि भीती यांतला फरक मला चांगला कळतो, आणि त्या भीतीचा मला भयंकर राग येतो.

गोष्ट जुनी आहे. वहिनी लग्न होऊन उज्जैनला, माधव नगरच्या घरात आल्या, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, आणि सत्यनारायणाची पूजा व्हायच्या आत सासरे वारले. सासूबाई दहा माणसांसमोर म्हणाल्या, "पायगुण दिसला." पुढे हे वाक्य त्यांना कधी उच्चारावं लागलं नाही. एखादी गोष्ट घरात एकदा नीट बसली की ती आपली आपण चालते. मंगळागौरीला, बारशाला वहिनींना शेवटी बोलावणं यायचं. त्याही मग शेवटीच जायला शिकल्या.

मी आले त्या महिन्यात आमच्या ह्यांची बदली रद्द झाली. लगेच मी लक्ष्मीच्या पावलांची! बँकेनं दुसऱ्याच माणसाला जबलपूरला पाठवलं, यात माझ्या पायांनी काय केलं होतं ते देवाला माहीत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण आमच्या घरात कावळा म्हणजे सुलभावहिनी, असं ठरून गेलं होतं.

भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, गेले तेव्हा त्यांची मुलगी निहारिका अकरावीत होती. रामघाटावर दहावा करून आम्ही घरी परतलो. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, खूप थकल्या होत्या तोवर. त्यांनी फक्त वहिनींच्या पावलांकडे पाहिलं. मी शेजारीच उभी होते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

वहिनी मुलींच्या कॉलेजात, लायब्ररीत नोकरीला होत्या. त्या पगारावर आणि भाऊजींच्या पेन्शनवर त्यांनी निहारिकाला वाढवलं. उज्जैनची निम्मी कोचिंगवाली पोरं हल्ली डॉक्टर व्हायला जॉर्जियाला जातात, तशी तीही गेली. डॉक्टर झाली, आणि तिथल्याच लेवान नावाच्या वर्गमित्राशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा चांगला आहे. दिसायला थोडा बैरागी वाटतो, दाढीमुळे.

मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण तिचा बीपी वर जायला लागला आणि डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. माहेर येऊ शकत नाही म्हणून माहेरानं जायचं ठरलं. वहिनी काही तयार होईनात.

"पैसे पाठवते, लाडू पाठवते. माझं काय काम आहे तिथे?"

"आईचं काय काम असतं बाळंतपणात, हे पण मी सांगू का आता?" मी म्हटलं. "टेन्शन नका घेऊ. मी येते ना सोबत. दारातून आधी मी शिरेन, बस्स?"

हे मी चेष्टेनं म्हटलं होतं. त्यांनी मनापासून होकार दिला.

दोन विमानं आणि दिवसभराची रेल्वे. गाडी पश्चिमेला निघाली तसे डोंगर मागे पडले आणि सपाट, ओली जमीन सुरू झाली. निहारिका बाळंतपणासाठी सासरी येऊन राहिली होती. ते लेवानचं गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना पाण्याचे चर, पलीकडे लोखंडी फाटकं आणि आत हिरव्या गवताची अंगणं. घरं खांबांवर उभी, वर जायला बाहेरून जिना. बर्फ असेल म्हणून आम्ही स्वेटरांची बोचकी नेली होती, तर तिथे निव्वळ चिखल. पानं झडलेल्या झाडांवर नारिंगी फळं तशीच लटकत होती आणि रस्त्याच्या मधोमध गाई रवंथ करत बसल्या होत्या. "हे तर आपलंच आहे ग," वहिनी म्हणाल्या, आणि सगळ्या प्रवासात पहिल्यांदा हसल्या. एक बाजार, एक बंद पडलेला चहाचा कारखाना, आणि बाकी सगळी म्हातारी माणसं. तरुण पोरं कामाला परमुलखात गेलेली. ढग सरले की उत्तरेला हिमाचे डोंगर दिसत, पण गावात त्यांच्याकडे कुणी पाहत नसे.

लेवानची आई मनाना जिन्यावरच उभी होती. आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. कबूल केल्याप्रमाणे मी आधी आत गेले. मनानानं मला मिठी मारली, मग वहिनींना इतका वेळ मिठीत धरलं की त्यांची टिकली तिच्या खांद्याला चिकटली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. दोघी चुलीपाशी बसून एकमेकींना अक्रोड फोडून देत. निहारिका पाय वर करून पडलेली असे. तिची पावलं सुजली होती, चेहरा सुजला होता, आणि ती स्वतः डॉक्टर असल्यामुळे आम्हाला काही विचारू देत नव्हती.

संक्रांत आली. वहिनींनी उज्जैनहून तीळ नेलेच होते, आदल्या दिवशी वड्या थापल्या. मनानानंही मधात अक्रोड घालून तशाच चौकोनी वड्या केल्या होत्या. का केल्या, ते आम्ही विचारलं नाही. सणासुदीचं गोडधोड असेल म्हणालो.

सकाळी वहिनी अंघोळ करून, वड्यांचं ताट घेऊन मागच्या दारानं अंगणात उतरल्या. सूर्याला नैवेद्य दाखवायचा होता. सूर्य काही वर येईना. त्या गवतात उभ्या राहिल्या, शेवटी ढगांनाच हात जोडले, आणि मागच्या बाजूला फार घसरडं म्हणून पुढच्या जिन्यानं वर आल्या. दार लावलेलं होतं. त्यांनी कडी वाजवली. आपल्याच माणसांच्या घरात परत जायचं, आत सगळे आहेत, यात पहिलं पाऊल कसलं? त्यामुळे त्यांच्या मनात काही आलं नाही.

आत मनाना, लेवान, आम्ही सगळे बसलो होतो. मनानानं दार उघडलं, ताट हातात घेतलेल्या वहिनींना बघितलं आणि क्षणभर तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ती हसत सुटली. तिनं वहिनींचा उजवा पाय आधी आत घ्यायला लावला, त्यांच्या हातून वड्या खोलीच्या कोपऱ्यांत उधळवल्या, काहीतरी म्हणत त्यांची तोंडभरून पापी घेतली. तेवढ्यात शेजारचे म्हातारे ओतार, निहारिका त्यांना ओतारकाका म्हणते, मिठाईची पिशवी घेऊन जिना चढून आले, आणि आत बघून हिरमुसले.

निहारिकानं उलगडून सांगितलं. इकडे जुन्या पंचांगाचं नवं वर्ष चौदा जानेवारीला येतं. त्या सकाळी बाहेरून जो पहिला घरात पाय ठेवतो, त्याच्या पायावर घराचं वर्ष जातं. म्हणून चांगल्या पायाचा माणूस आधी सांगून ठेवतात. या घरात दर वर्षी ओतारकाका येतात. "मला पण आजच कळलं ग. आम्ही शहरात असायचो ना, तिकडे एक तारखेलाच करतात. आणि बघ, आज आईचा नंबर लागला," ती हसून म्हणाली.

वहिनी हसल्या नाहीत. हातातलं रिकामं ताट त्यांनी टेबलावर ठेवलं. "म्हणजे पायगुणच की," त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जयू, त्यांना सांग, मी परत बाहेर जाते. त्या काकांना आधी येऊ देत. माझं मोजू नका म्हणावं."

मी सांगितलं नाही. असल्या खुळचटपणाला खतपाणी घालायचं नाही, हा माझा बाणा. वहिनी दिवसभर त्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी निहारिकाचं डोकं भयंकर दुखायला लागलं आणि तिला समोरचं धड दिसेना. लेवाननं गाडी काढली. जवळच्या मोठ्या गावातल्या हॉस्पिटलात पोचताच तिला आत नेलं, पोट फाडून मूल काढलं. मुलगी झाली. ती रडली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि निहारिकाचं रक्त थांबत नव्हतं.

हे सगळं वहिनींना मी बाहेर येऊन सांगितलं, कारण त्या हॉस्पिटलच्या आत आल्याच नव्हत्या. फाटकाशी, पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसल्या होत्या. पाऊस लागून राहिला होता.

"वहिनी, आत चला."

"मी नाही येणार. एकदा गेली ना मी आत, झालं ना जे व्हायचं ते."

"बीपी तिला महिनाभर होता. तुम्ही उज्जैनला होतात तेव्हापासून."

"तू माझं तिकीट बघ, जयू. मी इथून जाते. मी दूर गेली की ती ठीक होईल."

मला संताप आला. पोटची पोर आत मरणाशी झुंजत होती आणि ही बाई स्वतःच्या पायांना घेऊन बसली होती. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पण जागच्या हलल्या नाहीत. मी आत गेले आणि लेवानला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं: सासरे, भाऊजी, उंबरा, सगळं. त्यानं ते आपल्या आईला सांगितलं.

संध्याकाळी मनाना बाहेर आली. तिच्या हातात लेवानचा फोन होता. ती त्यात आपल्या भाषेत बोलायची आणि फोन एका बाईच्या सपाट आवाजात हिंदीत सांगायचा.

"डॉक्टर ने कहा, आधा घंटा देर होती तो दोनों नहीं रहतीं," फोन म्हणाला. मनानानं श्वास घेतला, पुन्हा बोलली. "दोनों हैं। खून रुक गया। बच्ची खुद साँस ले रही है।" आणि मग, वहिनींचा हात धरून, "पहला कदम तुम्हारा था। तुम्हारे पैर ने दोनों को बचा लिया। किसी और का पैर होता तो मैं आज क्या करती।"

वहिनींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. फोननं पुन्हा म्हटलं. मग त्या उठल्या आणि मनानाच्या मागोमाग आत गेल्या.

निहारिका गुंगीत होती. वहिनींनी तिच्या कपाळावर हात ठेवला. काचेआडून नात पाहिली. ती मुठीएवढी होती, नाकाला नळ्या लावलेल्या, पण पोट खालीवर होत होतं. मला वाटलं, आता यांच्या मनावरचं ओझं उतरलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो तर वहिनींचा चेहरा कधी नव्हे असा रागानं ताठ झालेला होता.

"मामंजी दिवाळीपासून अंथरुणाला होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठ दिवस काढले तर खूप. म्हणूनच तर घाईत लग्न उरकलं. ते दोन महिने, लग्न होईपर्यंत राहिले जयू. मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गेले."

मला हे ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"सूनमुख बघायला थांबले होते, असं पण म्हणता आलं असतं ना ग?"

"आलं असतं," मी म्हटलं.

"मग इतक्या वर्षांत एकानं पण का नाही म्हटलं?"

सासूबाई नाहीत, भाऊजी नाहीत. उत्तर द्यायला त्या घरातली मीच एक समोर होते. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. भाऊजी गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. एक नर्स धावत आली. तिला वाटलं, आमचं कुणीतरी दगावलं.