मावशींचे बावन्न प्रश्न

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मावशी बावीस वर्षं आहेत. हुद्दा परिचर, म्हणजे काचेची भांडी धुवायची, बाटल्या भरायच्या, सांडलेलं पुसायचं. त्यांच्या डोक्यावर एक सहायक असतो आणि तो पदवीधरच लागतो. आजवर असे पाच आले. पाचांनाही काम मावशींनीच शिकवलं, आणि हात बसल्यावर पाचही जण त्यांच्यावरच डाफरू लागले. मी रसायनशास्त्र शिकवतो. हे सगळं बघतो आणि गप्प बसतो, तो माझा स्वभाव आहे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मावशींनी ठरवलं, सहावा सहायक आपणच व्हायचं. त्याला पदवी हवी, पदवीला सामायिक प्रवेश परीक्षा. पंचेचाळिसावं लागलं की सरकारी विद्यापीठं अर्ज घेत नाहीत, तेव्हा जे काय व्हायचं ते याच वर्षी. परीक्षा झाली. शंभर प्रश्न, सरासरी गुण छप्पन्न, मावशींना एकोणपन्नास.

गुणपत्रिकेसोबत उत्तरपत्रिकाही आली. मावशींनी सोडवले होते फक्त बावन्न प्रश्न. त्यातले तीन चुकले. पुढचं सगळं कोरं.

"अहो, झोप लागली होती की काय?" मी विचारलं.

"प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला, सर."

प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचायची असते: बाटली उचलताना एकदा, ओतण्याआधी एकदा. मी एकदाच वाचतो, म्हणून माझ्या तीन शर्टांना भोकं आहेत. मावशींच्या साडीला एकही नाही.

पाच सरकारी विद्यापीठांचे अर्ज आम्ही मधल्या सुट्टीत भरले. 'गुणांबद्दल काही सांगायचे असल्यास' अशी एक चौकट होती.

"कोरी सोडा," मी म्हणालो. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"गुण तर वरच छापलेत, सर. झाकायला उरलंय काय?"

आणि त्यांनी लिहिलं: 'मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचते. बावन्नपर्यंत पोचले, तीन चुकले. पुढचे अठ्ठेचाळीस पाहिलेच नाहीत. ते येतात की नाही हे मला माहीत नाही.' पाचही अर्जांत हेच, शब्दही न बदलता.

चार विद्यापीठांना शिक्षकाचं शिफारसपत्रही हवं होतं, बंद पाकिटात, परस्पर पाठवलेलं. ते मी लिहिलं. 'प्रामाणिक, कष्टाळू, परंतु कामाचा वेग कमी.' लिहिताना मला आपण फार निःपक्षपाती आहोत असं वाटत होतं.

त्या चारही विद्यापीठांचे नकार आले. मावशींनी ते वाचले, घडी घालून पिशवीत ठेवले आणि परीक्षानळ्या धुवायला घेतल्या. पाचव्याने मुलाखतीला बोलावलं. तिथे एका प्राध्यापिकेने विचारलं, "आमच्याकडेही परीक्षेला घड्याळ असतं. मग काय करणार?"

"सराव करीन," मावशी म्हणाल्या. "पण दुसऱ्यांदा वाचणं सोडणार नाही. एकदाच वाचून ओतणाऱ्यांच्या मागे पुसायला मीच असते."

समितीतले दोघं एकमेकांकडे बघून हसले म्हणे. कशाला हसले, ते मावशींना कळलं नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी गृहीत धरलं की संपलं.

पंधरा दिवसांनी प्रवेशाचं पत्र आलं. मावशी ते घेऊन आधी माझ्याकडे आल्या. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"पहिला मान तुमचा, सर," त्या म्हणाल्या. "चार नकार आले तेव्हा वाटलं होतं, मुलाखतीला जाऊच नये. उगाच हसं व्हायचं. मग म्हटलं, आपल्याला बावीस वर्षं जवळून बघणाऱ्या माणसाने लिहून दिलंय, ते काय उगाच? त्या भरवशावर गेले."

ज्यांनी नकार दिला त्या चार विद्यापीठांकडेच माझं पत्र गेलं होतं. पाचव्याने ते मागितलंच नव्हतं.

मला लाज वाटली. मी अभिनंदन केलं. खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.