भुताने परत केलेला डबा

मंडळी, सध्या मी रहस्यकथांवरच तगून आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एखादं छोटं गाव, एक खून, आणि खुनी शोधायला मदत करणारं बेकरीतलं प्रेमळ भूत!

इथे आखातात फुटबॉल वर्ल्ड कपच्या कामामुळे आजही साइटवरून उशिराच सुटले. रस्ते पुन्हा वळवलेले. अल मुंतझा भागातल्या घरी पोचले तेव्हा जीव नुसता आंबून गेला होता. बघते तर दाराच्या कडीला पिशवी, आणि तिच्यात माझाच स्टीलचा डबा. दिवाळीला शेजारच्या काकूंना फराळ दिला होता त्यातून. पण काकू तर कधीच कायमच्या नाशिकला गेल्या!

अंगावर काटा आला. झाकण काढलं. तळाशी मूठभर साखर. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून.

खाली वॉचमनला विचारलं.

"काकी जाते टाइम देके गयी थी, मैं भूल गया, आज याद आया तो टांग दिया. कितनी बार बेल बजायी उन्होंने. आप तो कभी दिखती ही नहीं, मॅडम."

खलास. आमच्या मजल्यावरचं भूत मीच निघाले.

आत्ता त्याच साखरेचा चहा घेतेय. तुमची बेल वाजवून कोण परत गेलं असेल हो?