एकाच रुळावरच्या दोन कंपन्या

आम्ही रेल्वेचे नोकर नाही, पण महिन्यातले निम्मे दिवस रेल्वेतच जातात. आमची सांगलीची कंपनी रेल्वेकडून अख्खी गाडी भाड्यानं घेते आणि लोकांना काशी-अयोध्येला नेऊन आणते. मी त्या गाडीचा मॅनेजर. साताऱ्याची एक कंपनीही हेच करते. तिचा मॅनेजर उंब्रजचा संपत. शेकडो माणसं दहा दिवस डब्यात राहिली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते बॅगेत बसून घरी येतात. बायको म्हणते, "कपडे धुवून देते, ह्यांचं तुम्ही बघा."

*

गेल्या ट्रिपचंच सांगतो. जतकडचे बिरूआण्णा बायकोला घेऊन बुकिंगला आले. सत्तरी ओलांडलेले, हयात मेंढरांमागं गेलेली. पहिला प्रश्न, "मायाप्पा हाय का ह्या गाडीत?"

मायाप्पा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मेंढरं वाटून घेताना एका मेंढ्यावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद. तो मेंढा मरूनही सात वर्षं झाली होती.

"नाही," मी म्हणालो. मायाप्पांनी संपतकडं बुकिंग केलं होतं. त्यांनीही त्याला आधी हेच विचारलं होतं!

आण्णा सही करत होते तेवढ्यात त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मला हळूच म्हणाल्या, "माझ्या डोळ्यादेखत दोघं एकदा बोलू द्यात. मग काशी न्हाई घडली तरी चालंल." मला वाईट वाटलं. पण मी फार तर खिडकीची सीट देऊ शकत होतो, ती दिली.

*

दोन्ही गाड्या सांगलीहूनच एकाच दिवशी, तासाभराच्या अंतरानं सुटल्या, आमची आधी. कराडच्या अलीकडं एका पाटलांनी मला बोलावलं. "फाटकापाशी जरा थांबवा. पोरगं लोणच्याची बरणी घिऊन हुबं हाय."

"रेल्वे अशी थांबत नाही, काका."

"आवं, गाडी भाड्यानं घेतलीय न्हवं तुमी? आमी लग्नाला ट्रॅव्हल्स घेतो, ती थांबती की."

फाटक आलं आणि गेलं. पोरानं बरणी उंच करून दाखवली. पाटील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

पुढं एका स्टेशनात आम्हाला बाजूच्या लाइनीला घातलं आणि मागून आलेली संपतची गाडी पुढं काढली. आमच्या डब्यातले एक रिटायर्ड हवालदार भडकले. त्यांनी थेट स्टेशनमास्तर गाठला. मास्तर शांतपणे म्हणाला, "मला दोघं सारखेच."

परत येऊन हवालदार मला म्हणाले, "रूळ रेल्वेचं, इंजिन रेल्वेचं, ड्रायव्हर रेल्वेचा. मग तुमची दोघांची कॉम्पिटिशन हाय तरी कशात?"

"जेवणात," मी म्हणालो.

"मग आज बी हरलाय तुमी."

*

हवालदारांचं खोटं नव्हतं. संपत चपाती देतो म्हणून आम्ही जाहिरातीत ज्वारीची भाकरी छापली होती. आमच्या आचाऱ्यानं जन्मात भाकरी थापली नव्हती. पहिल्या दिवशीची भाकरी इतकी कडक की ताटात उभी राहिली. शेवटी काकू पॅन्ट्रीच्या दारात स्टूल टाकून बसल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. "पीठ मळ. आजून मळ. भांडण झाल्यासारखं मळ." तिसऱ्या दिवशी भाकरी फुगली. आचारी त्यांच्या पाया पडला.

*

काशी झाली. परतीच्या वाटेवर एका मोठ्या स्टेशनात आम्ही पाणी भरायला थांबलो. त्याच प्लॅटफॉर्मच्या पलीकडच्या बाजूला संपतची गाडी उभी. अर्ध्या तासानं त्यांची सुटली, पाठोपाठ आमची. मी मोजदाद केली. आकडा बरोबर होता.

पण बिरूआण्णांच्या सीटवर मायाप्पा बसले होते. हातात भाकरी, नजर दाराकडं.

"आण्णा कुठं हाईत?" त्यांनीच मला विचारलं.

काकू म्हणाल्या, "पानी आनतो म्हणून उतरलं. बाटली हितंच हाय."

तेवढ्यात संपतचा फोन. "तुझा एक म्हातारा माझ्याकडं हाय. मायाप्पाच्या सीटवर बसलाय आणि मायाप्पा कुठाय म्हणून मलाच झापतोय."

मी फोन स्पीकरवर टाकून मायाप्पांपुढं धरला. तिकडं संपतनं आण्णांपुढं धरला.

"आण्णा, तितंच बसा. फुडच्या ठेसनात मी येतो."

"तू हलू नगंस. थोरला मी हाय, मीच येनार."

"तुमचं गुडघं दुखत्यात."

"तुला कुनी सांगितलं?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"आता दोघंबी एकदम उतरू नगासा."