मामांचा रुमाल

माझे मामा माणसं वाचायचे. एस.टी.च्या खिडकीत तिकिटं फाडताना समोरच्याच्या भुवईवरून तो कुठं चाललाय हे कळतं, असा त्यांचा दावा होता. "भाच्या, तोंड खोटं बोलतं. हातपाय खोटं बोलत नाहीत!"

म्हणून १९८७ साली धुळ्याजवळच्या गावी मुलगी पाहायला निघालो, तेव्हा खूण त्यांनीच ठरवली. तोंडावर नकार देणं म्हणजे अपमान. तेव्हा मुलगी पसंत नसेल, तर मी रुमालानं कपाळ पुसायचं. मामा ताबडतोब उठणार, "गाडी चुकेल" म्हणणार, आणि आम्ही सटकणार. पसंत असेल तर मी गप्प बसायचं.

मुलगी आली, बसली, माझ्याकडं सरळ पाहिलं. मी जागीच गारद! आता फक्त गप्प बसायचं होतं.

पण तिच्या आत्यांनी जेवायची पानं मांडली. हिरव्या मिरचीतलं वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वडिलांच्या पित्तापायी आमच्या घरी तिखट बेतानंच; जळगावचा असूनही माझी जीभ पुणेरी. दुसऱ्या घासाला कानांतून वाफा निघाल्या, तिसऱ्याला घाम डोळ्यांत उतरला. चौथ्याला हात आपोआप खिशात गेला आणि रुमाल कपाळावर!

मामा उठले. "गाडी चुकेल."

मी डोळे मोठे केले. मामांनी मान डोलावली, म्हणजे 'कळलं, कळलं.' मी जोरजोरात मान हलवली. त्यांनी हातानं धीर दिला, 'घाबरू नको, काढतो बाहेर.' उंबऱ्यापाशी जाऊन त्यांनी एका पायात चप्पलही घातली.

"काय व्हयनं, पाव्हना?" आत्या गडबडल्या. "भरीत तिखट शे का?"

मुलीचा चेहरा पडला. तिला वाटलं, पाहुण्यांनी नापसंत केलं. तो चेहरा मला बघवेना. नवऱ्या मुलानं स्वतः तोंड उघडायचं नसतं, ही रीत मी भाकरीसकट गिळली आणि ओरडलो, "मला पसंत आहे! फक्त तिखट लागलंय!"

मामा दारात एका पायावर.

आत्या मुलीकडं वळल्या. "तुनं काय म्हणणं शे, पोरी?"

तिनं आत जाऊन दह्याचं भांडं आणलं आणि सगळं माझ्या ताटात उलटं केलं.

मामांनी चप्पल काढली.